वतन, परवाना आणि एक हिशेबवही

दलितांच्या गेल्या शतकाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे काही ठराविक वाटा मळून गेल्या आहेत. सैन्यात गेलेला, गिरणीत गेलेला, रेल्वेत आणि गोदीत गेलेला महार. नंतर शाळामास्तर किंवा कचेरीत कारकून झालेला बौद्ध तरुण. या सर्वांची नोंद कमीअधिक प्रमाणात झाली आहे. परिषदा, सत्याग्रह आणि मोर्चे यांच्या तारखा आपल्याला पाठ आहेत आणि त्या पाठ असल्याच पाहिजेत. परंतु ज्याने गावकी सोडली पण शहरात घर केले नाही, जो कामगार होता पण ज्याला कारखाना नव्हता, ज्याच्या हातात पस्तीस वर्षे गाडी होती पण जिची मालकी कधीच त्याच्याकडे आली नाही, अशा माणसाला या इतिहासात जागा कोठे आहे? ट्रक ड्रायव्हर हा असा माणूस आहे.

माझे वडील असे ड्रायव्हर होते. घरात आम्ही त्यांना दादा म्हणत असू. ते २०१६ साली वारले. त्यांच्याकडे मुलाच्या डोळ्यांनी पाहणे मला टाळता येणार नाही. तरीसुद्धा त्यांचे आयुष्य हे इतिहासाचे एक साधन आहे असे मानून ते येथे मांडण्याचा प्रयत्न करीत आहे.

दादांचा जन्म १९३८ च्या सुमाराचा, नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला. हा जिल्हा आंबेडकरी चळवळीचा जुना बालेकिल्ला. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आमचे आजोबा येवल्याच्या त्या परिषदेला पायी गेले होते. परत आल्यावर मात्र त्यांना पुन्हा येसकरीची काठीच हातात घ्यावी लागली, कारण आजोबा वतनदार महार होते.

‘वतनदार’ हा शब्द कानाला भारदस्त वाटतो. प्रत्यक्षात ते वतन म्हणजे काय होते, हे नव्या वाचकासाठी सांगितले पाहिजे. गावचा सारा तालुक्याला पोचवायचा, सरकारी टपाल पुढच्या गावी न्यायचे, अंमलदार आला की त्याचे सामान वाहायचे आणि त्याच्या घोड्यापुढे धावत वाट दाखवायची, गावात कोणी मेले की सांगावा घेऊन पावण्यांच्या गावी जायचे, मेलेले ढोर ओढायचे. कामाला वेळ नाही, सुट्टी नाही, मोबदला ठरलेला नाही. जमिनीचा एक तुकडा आणि घरोघर मागून आणलेले बलुते एवढ्यावर सबंध कुटुंब राबायचे. १८७४ च्या कायद्याने या गुलामगिरीवर सरकारी शिक्का मारला होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात त्याविरुद्ध दुरुस्तीचे बिल आणले. तो प्रश्न शेवटी कायद्याने निकालात निघाला तो १९५८ साली, आणि वतने प्रत्यक्ष खालसा झाली ती १ ऑगस्ट १९५९ पासून.

या कामांची यादी पुन्हा एकदा वाचून पाहावी. त्यातले निम्मेअधिक काम रस्त्याचे आहे. ओझे एका गावाहून दुसऱ्या गावी नेणे, निरोप पोचवणे, वाट माहीत असणे, रात्री-बेरात्री चालणे. महार हा गावगाड्याचा वाहतूकदारच होता. फरक इतकाच, की त्याच्या पायांखालचा रस्ता जिथे गावकी म्हणेल तिथे सुरू व्हायचा आणि म्हणेल तिथे संपायचा. आजोबांचे पाय आणि दादांचे चाक यांच्यामध्ये जे घडले, तोच माझ्या मते या आयुष्याचा ऐतिहासिक अर्थ आहे.

दादा दोन इयत्ता शिकले. सतराव्या वर्षी ते एका नातेवाइकाबरोबर मुंबईला गेले आणि दाणा बंदरात पोती वाहू लागले. तेथे असतानाच ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईत निघालेल्या अंत्ययात्रेत दादा होते. दादरच्या समुद्रकिनारी भदंत आनंद कौसल्यायन यांनी त्या शोकाकुल समुदायाला धम्मदीक्षा दिली, तीत अठरा वर्षांचे दादाही होते. त्या दिवसाविषयी ते फार बोलत नसत. बाबासाहेबांचा देह ठेवलेला ट्रक गर्दीतून पावलापावलाने पुढे सरकत होता, एवढेच सांगत. एकदा मात्र, स्वतः ड्रायव्हर होऊन कैक वर्षे लोटल्यावर, ते मला म्हणाले, “येवढ्या गर्दीत पहिल्या गेरात, क्लच दाबून, मानसं संभाळत गाडी चालवायची. त्या ड्रायव्हरचा पाय किती भरून आला आसंल! त्याचं नाव कुनी लिहून ठेवलं का रं?”

मी इतिहासाची पुष्कळ पुस्तके वाचली आहेत. इतक्या नेमक्या ठिकाणी बोट ठेवणारा प्रश्न मला त्यांत क्वचितच भेटला.

१९५७ साली दादा क्लीनर झाले. त्यांचे उस्ताद मालेगावचे एक मुसलमान ड्रायव्हर होते. येथे एक मुद्दा ध्यानात घेतला पाहिजे. आपल्याकडचे बहुतेक कसब जातीत बांधलेले होते. सुताराचा वाकस, लोहाराचा भाता, सोनाराची हातोडी परजातीच्या पोराच्या हाती पडणे कठीण. मोटार ही वस्तूच नवी होती. तिला चालवणाऱ्याची जात कोणती, हे मनूने लिहून ठेवलेले नव्हते. म्हणून मालेगावच्या उस्तादाला चांदवडच्या महाराच्या पोराला गिअर शिकवताना कोणत्या शास्त्राची आडकाठी आली नाही. सहा वर्षे दादांनी चाके धुतली, ताडपत्री बांधली, दोर आवळले, घाटात गाडी थांबली की चाकाखाली दगड लावले. टॉमीने चाकावर ठोका मारून नुसत्या आवाजावरून हवा ओळखायला ते तेव्हाच शिकले. १९६३ साली त्यांना जड वाहनाचा परवाना मिळाला.

तो परवाना आजही माझ्याकडे आहे. त्यावर नाव आहे, बापाचे नाव आहे, पत्ता आहे, फोटो आहे. जात नाही. गावच्या दप्तरात आमच्या घराण्याची ओळख जातीने आणि जातीच्या कामाने होत आली होती. ‘या माणसाला काय करता येते’ एवढेच सांगणारा पहिला सरकारी कागद आमच्या घरात आला तो हा. दादा तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीच्या खिशात ठेवीत.

त्यांचा मार्ग मुंबई–आग्रा रस्ता. तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३. अकराशे किलोमीटरहून अधिक लांब. भिवंडी, शहापूर, कसाऱ्याचा घाट, इगतपुरी, नाशिक, पिंपळगाव, चांदवड, मालेगाव, धुळे, शिरपूर, मग बिजासनचा घाट चढून सेंधवा, पुढे इंदूर, देवास, ग्वाल्हेर. नाशिककडचा कांदा, मनमाडच्या गोदामांतले धान्य, मालेगावचे कापड. परतीला डाळ, तेल, मिळेल ते. गाडी टाटा-मर्सिडीज बेंझ. टाटांनी १९५४ साली जर्मन कंपनीशी करार करून जमशेदपूरला ह्या गाड्या काढल्या. करार १९६९ ला संपला आणि पुढच्या गाड्यांवर टाटांचे एकट्याचे नाव आले. केबिनमध्ये इंजिन जवळजवळ मांडीला लागून. वैशाखात धुळे ओलांडताना पायाला चटके बसत. आता १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालगाड्यांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. हा नियम यायला ड्रायव्हरांच्या दोन पिढ्या भाजून निघाव्या लागल्या.

दोन इयत्ता शिकलेल्या दादांचे पुढचे शिक्षण या रस्त्यावर झाले. मैलाच्या दगडांवरची आणि पाट्यांवरची अक्षरे लावीत ते वाचायला शिकले. महाराष्ट्र संपून मध्य प्रदेश लागला तरी लिपी नागरीच. त्यामुळे मुंबईपासून आग्र्यापर्यंतचा सबंध रस्ता हे त्यांचे एक लांबच लांब पुस्तक झाले. त्या पुस्तकात महूही होते. बाबासाहेबांचे जन्मगाव ह्याच वाटेवर, इंदूरच्या अलीकडे. तेथील भव्य स्मारकाचे लोकार्पण २००८ साली झाले. त्याच्या कितीतरी आधीपासून दादा महूजवळ आले की गाडीचा वेग कमी करीत, उजवा हात कपाळाला लावीत आणि पुढे जात. बिजासनच्या घाटात देवीपाशी सगळ्या गाड्या थांबत. दादाही थांबवीत. क्लीनरला नारळ फोडू देत आणि स्वतः खाली उतरून चाकांची हवा पाहत. बावीस प्रतिज्ञा त्यांनी कोणाशी वाद घालून पाळल्या नाहीत, अशा पाळल्या.

रस्त्यावर जात नव्हती काय? हा प्रश्न मी त्यांना विचारला होता. गावातल्या हॉटेलात दादांची कपबशी वेगळी होती, स्वतः विसळून ठेवावी लागे. सेंधव्याच्या ढाब्यावर ते बाजेवर बसत आणि सगळ्यांच्या थाळीत जेवत. दोन ठिकाणांतले अंतर एका रात्रीचे. पण ढाब्यावरची ती समता अनोळखीपणाची होती. कोणी गाव विचारले, आडनाव विचारले, की बाज हलकेच रिकामी होई. दादांनी नाव कधी लपवले नाही. विचारल्यावाचून सांगितलेही नाही. ओळख पटेपर्यंतची समता ही उसनी समता असते, हे त्यांना कळत होते. तरी गावातल्या कपबशीपेक्षा ती उसनी बाज त्यांना बरी वाटली, यात गावगाड्यावरचा केवढा मोठा अभिप्राय आहे!

गाडीला जात नव्हती, परंतु मालकीला होती. ट्रक घ्यायचा तर भांडवल पाहिजे, तारण पाहिजे, जामीन पाहिजे. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ साली झाले. त्यानंतर दादा कर्जासाठी एका बँकेत गेले. साहेबाने विचारले, जमीन किती? जामीन कोण? वतनाची जी चतकोर जमीन होती ती नव्या शर्तीची. परवानगीवाचून विकता येत नव्हती. जामीन राहील असा सातबारेवाला आमच्या वस्तीत कोठून येणार? दादा परत आले आणि दुसऱ्या दिवशी खेपेला गेले. मालक दुसराच राहिला.

आता मालकाविषयी. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण त्याने केले ते पुष्कळांनी केले. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, आठवड्याची सुट्टी, भरपगारी रजा असे सर्व त्यात होते. आठवड्याच्या अठ्ठेचाळीस तासांचे हे माप कारखान्यांच्या कायद्यात १९४६ साली आले, ते बाबासाहेब मजूरमंत्री असताना. म्हणजे दादांच्या हक्काचे मूळ त्यांच्याच घरातले होते! पण हा कायदा लागू व्हायला पाच कामगार लागत. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्याला दहा लागत. प्रॉव्हिडंट फंडाच्या १९५२ च्या कायद्याला वीस लागत. आमच्या मालकाच्या चार गाड्या होत्या आणि माणसे आठ. त्याने दोन गाड्या स्वतःच्या नावावर, एक बायकोच्या, एक भावाच्या नावावर दाखवल्या. कागदावर कोणाकडेच पाच माणसे भरली नाहीत. पस्तीस वर्षे दादा ज्याची गाडी चालवत होते, त्याच्या कोणत्याही हजेरीपटावर त्यांचे नाव नव्हते.

कामाचा मोबदला खेपेवर. मुलुंडच्या जकात नाक्यावर रांगेत गेलेली रात्र खेपेत धरली जात नसे. (ही मुंबईची जकात संपली ती १ जुलै २०१७ रोजी; तेव्हा दादा नव्हते.) १९९८ साली मोतीबिंदूमुळे रात्रीचे दिसेनासे झाले आणि दादांनी गाडी सोडली. लोक त्यांना ‘रिटायर ड्रायव्हर’ म्हणत. पण सेवानिवृत्त होण्यासाठी आधी सेवा कोठेतरी लिहिलेली असावी लागते. दादांच्या हाती निवृत्तीच्या दिवशी पडला तो चालू महिन्याचा हिशेब आणि एक नारळ.

मग हे कुटुंब उभे कसे राहिले? येथे त्यांच्या हिशेबवहीकडे वळले पाहिजे. लाल पुठ्ठ्याच्या लांबट अशा अकरा वह्या घरात आहेत. प्रत्येक खेपेला एक पान. तारीख, गावे, भत्ता, खर्च, उरले. १९७४ च्या एका पानावर कसाऱ्याचा चहा आहे, इंदूरचे जेवण आहे, आणि परतीच्या रकान्यात नुसती भाकर असे लिहून पुढे शून्य आहे. म्हणजे परतीचे जेवण त्यांनी घरून नेलेल्या भाकरीवर भागवले. उरलेल्या पैशांपुढे एकेक अक्षर आहे. ती आम्हा चार भावंडांच्या नावांची पहिली अक्षरे. भत्ता ड्रायव्हरने वाटेत खाण्यासाठी असतो. त्यांनी तो वाचवला आणि तो आमची फी झाला, दप्तर झाला, बहिणीच्या नर्सिंगच्या पुस्तकांचा खर्च झाला. आमच्या वस्तीतली मॅट्रिक झालेली ती पहिली मुलगी. सरकारी शिष्यवृत्तीचा आधार आम्हाला होताच. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची. पण ती मॅट्रिकच्या पुढची. मॅट्रिकपर्यंत मुलाला नेऊन पोचवणारी शिष्यवृत्ती या वह्यांत आहे.

वहीत एकच मोठा खंड आहे, १९७२–७३ चा. दुष्काळाची ती वर्षे. कांदा नाही, खेपा नाहीत. मग मनमाडहून धान्याच्या खेपा सुरू झाल्या. रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो मिळे. आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. तिच्यासारख्या लाखो बायांनी फोडलेल्या खडीवर महाराष्ट्रातले कितीतरी रस्ते झाले. त्या कामांतूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. माझे आईबाप असे एकाच रस्त्यावर राबत होते. एक रस्ता करीत होती, एक त्यावरून धान्य नेत होता, आणि त्या धान्यातले घरी यायचे ते रेशनच्या रांगेतूनच.

दादा मोर्चात फारसे दिसले नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला. आजोबा त्यात तुरुंगात गेले. परवाना मिळून दादांना तेव्हा वर्षच झाले होते. खाडा केला तर गाडी दुसऱ्याच्या हाती जाणार होती. ते गेले नाहीत. आजोबा सुटून येईपर्यंत दोन्ही घरांची चूल त्यांनी पेटती ठेवली. चळवळीच्या इतिहासात तुरुंगात गेलेल्यांची संख्या येते. त्यांच्या मागे घरे कोणी चालवली, हा आकडा कोणी मांडत नाही.

ट्रक ड्रायव्हर म्हटला की समाजाच्या डोळ्यांपुढे दारू आणि बाहेरख्याली येते. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यावर तर हा सगळा वर्गच ‘धोक्याचा गट’ ठरला. आरोग्यसेवक ढाब्यांवर पत्रके वाटीत. दादांनी ते पत्रक अक्षर लावून पुरते वाचले आणि क्लीनरला बसवून समजावून सांगितले. त्यात त्यांना अपमान वाटला नाही. वीस-वीस दिवस घराबाहेर राहणाऱ्या माणसाला माणूस म्हणून काय काय सोसावे लागते, हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते. ते स्वतः घरी येत, तेव्हा आधी आंघोळ करीत, मग चौघांच्या वह्या उघडून बसत. अभ्यास कळत नसे. पाने भरली आहेत की नाहीत, एवढे मात्र पाहत.

अपघात करून ड्रायव्हर पळतो, हा दुसरा आरोप. दादा म्हणत, थांबलेल्या ड्रायव्हरला जमाव जिवंत सोडील अशी हमी द्या, एकही पळणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये नव्या न्यायसंहितेतील दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवावे लागले. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या तेव्हा कुठे या देशाला दोन दिवस ड्रायव्हर दिसला.

आपल्या साहित्यालाही हा प्रश्न विचारला पाहिजे. १९७८ साली ‘बलुतं’ आले आणि त्यानंतर दलित आत्मकथनांनी मराठी वाङ्मयाची घडीच बदलली. महारवाडा आला, चाळ आली, वसतिगृह आले. शिकलेल्या पिढीने आपल्या शिक्षणाची कहाणी सांगितली. ते शिक्षण ज्यांच्या वाचवलेल्या भत्त्यावर झाले, ते ड्रायव्हर, हमाल, खलाशी बाप त्या कहाणीत बहुधा कडेला उभे राहिले. त्यांनी लिहिले नाही म्हणून त्यांच्याकडे सांगण्यासारखे नव्हते, असे आपण समजू नये. त्यांनी लिहिले, फक्त ते रकान्यांत लिहिले.

तेव्हा वाचकांना एक विनंती आहे. आपापल्या घरांतल्या पत्र्याच्या पेट्या उघडून पाहा. जुने परवाने, बिल्ट्या, हप्त्यांच्या पावत्या, हिशेबाच्या वह्या रद्दीत देऊ नका. वतनाचे कागद सरकारने दप्तरखान्यात जपून ठेवले आहेत, कारण ते आपल्या गुलामीचे कागद होते. ती गुलामी आपल्या बापांनी कशी फेडली याचे कागद आपल्याकडेच आहेत. ते आपणच जपले पाहिजेत.